कोबाया परीक्षण: डार्क एनर्जीची पर्यायी मॉडेलं तपासायला हे सॉफ्टवेअर कितपत भरवशाचं?

विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने घडवणारी डार्क एनर्जी स्थिर आहे की काळाबरोबर बदलते, या वादात मार्च २०२५पासून काही आकडे सतत कानावर पडतात: २.८ सिग्मा, ३.८ सिग्मा, ४.२ सिग्मा (सिग्मा जितके जास्त, तितकी निकाल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). ते डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या टप्प्याच्या विश्लेषणातून आले आणि त्या विश्लेषणातली मोजणी कोबाया नावाच्या पायथन सॉफ्टवेअरने केली. हेसूस तोरादो आणि अँटनी लुईस यांनी ते लिहिलं आणि २०२० मध्ये त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध आला. सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त आहे, परवाना एलजीपीएल. परवान्यात दोन जादा अटी आहेत: चूक सापडली की लगेच कळवायची आणि हे वापरून केलेलं संशोधन आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर ठेवायचं. दोन्ही अटी मनापासून पटण्यासारख्या आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मॉडेलातल्या पॅरामीटरांच्या शक्य मूल्यांचे नमुने काढण्याचं काम कोबाया चोख करतं. या कामासाठी दुसरं साधन शोधायची गरज बहुतेकांना पडणार नाही. पण एखादा बिंदू, म्हणजे पॅरामीटरांच्या मूल्यांचा एक संच, मोजता आला नाही की तो गुपचूप बाजूला टाकून पुढे जायची त्याला सवय आहे, आणि डार्क एनर्जीच्या मॉडेलांमध्ये नेमकी हीच सवय महागात पडते. म्हणून या परीक्षणातला मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

आत काय आहे

कोबायाला स्वतःला विश्वाबद्दल काहीच ठाऊक नसतं. ते तीन गोष्टींची सांगड घालतं. पहिली, सिद्धान्त मोजणारा प्रोग्राम, म्हणजे कॅम्ब किंवा क्लास. दुसरी, निरीक्षणांचे लाइकलीहूड, म्हणजे मॉडेल निरीक्षणांशी किती जुळतं ते सांगणारी गणितं: प्लँक (सीएमबी, म्हणजे विश्वारंभीचा प्रकाश मोजणारा उपग्रह), डेसी, सुपरनोव्हांचे संच. तिसरी, सॅम्पलर, म्हणजे नमुने काढणारा भाग. एकामागून एक काढलेल्या नमुन्यांची ओळ म्हणजे साखळी. सगळं एका यामल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहायचं. तिच्यात लाइकलीहूड, थिअरी, पॅराम्स, सॅम्पलर आणि आउटपुट असे पाच भाग असतात. प्रत्येक मुक्त पॅरामीटरला प्रायर (डेटाआधी गृहीत धरलेला पट्टा), सुरुवात कुठून करायची तो संदर्भबिंदू आणि पावलाचा अंदाज द्यायचा. फाइल वाचून मॉडेल समजतं, हे या साधनाचं मोठं बलस्थान. सहा महिन्यांनी उघडली तरी काय केलं होतं ते कळतं. शिवाय धाव सुरू होताना कोबाया ‘अपडेटेड’ नावाची दुसरी फाइल लिहितं, तिच्यात तुम्ही न लिहिलेली डीफॉल्ट मूल्यंही असतात. दुसऱ्याला पाठवायची ती ही दुसरी फाइल. पहिली पाठवून उपयोग नाही, कारण डीफॉल्ट आवृत्तीगणिक बदलू शकतात.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. पिपने कोबाया घ्या, समांतर साखळ्या चालवायच्या तर एमपीआय-फॉर-पाय घ्या, मग यामल फाइल लिहून ‘कोबाया-इन्स्टॉल’ला ती फाइल आणि पॅकेजेसचा फोल्डर द्या. लागेल तो डेटा आणि कोड ते स्वतः उतरवून घेतं. कॅम्ब तयार स्वरूपात मिळतं, क्लास मात्र कंपाइल करावं लागतं, म्हणून सुरुवातीला कॅम्बच बरं. प्लँकच्या उच्च मल्टिपोलसाठी (आकाशातल्या बारीक तपशिलांसाठी) एनपाइप कॅमस्पेक किंवा प्लिक-लाइटचं नेटिव्ह रूप निवडा. दोन्ही पायथनमध्येच चालतात, जास्तीचं काही बांधावं लागत नाही.

यामल हाताने लिहायचा कंटाळा असेल तर कोबायाबरोबर एक छोटी खिडकी येते, तिच्यात मॉडेल आणि डेटा निवडला की फाइल तयार होते. ती आंधळेपणाने चालवू नका, वाचा. का ते पुढे येतंच.

शितावरून भाताची परीक्षा

साखळी सोडण्याआधी ‘इव्हॅल्युएट’ सॅम्पलर वापरून एकच बिंदू मोजावा आणि उत्तर कागदावर पडताळावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण बऱ्याच चुका इथेच पकडल्या जातात.

उदाहरण घेऊ. पदार्थाचं प्रमाण ०.३१५, हबल स्थिरांक ६७.४, ध्वनिक्षितिज (आरंभीच्या विश्वात ध्वनिलहरी जेवढ्या दूर गेल्या ते अंतर) १४७.०९ मेगापार्सेक, म्हणजे प्लँकचं साधं लॅम्डा-सीडीएम, स्थिर डार्क एनर्जीचं प्रचलित मॉडेल. रेडशिफ्ट (प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ०.२९५ला सहचारी अंतर सुमारे १,२१७ मेगापार्सेक येतं, आणि प्रकाशाचा वेग भागिले त्या वेळचा हबल दर सुमारे ३,८०१. या दोन्हींवरून डेसी वापरतं ते सरासरी अंतर १,१८५ मेगापार्सेक, आणि ध्वनिक्षितिजाने भागलं की ८.०५. डेसीच्या दुसऱ्या टप्प्यातलं मोजमाप आहे ७.९४२, अनिश्चितता ०.०७५. म्हणजे दीड सिग्माचा फरक. पुढचा बिंदू रेडशिफ्ट ०.५१०. तिथे हबल अंतराचं ध्वनिक्षितिजाशी गुणोत्तर प्लँकच्या हिशेबाने २२.७३ यायला हवं, मोजलं गेलं २१.८६, अनिश्चितता ०.४३. दोन सिग्मा.

कोबायाने छापलेला काय-वर्ग (मॉडेल आणि डेटामधल्या तफावतीचं माप) या हिशेबाशी जुळला नाही तर थांबा. बहुतेकदा हबल स्थिरांक एका ठिकाणी १००ने भागलेला असतो किंवा न्यूट्रिनोचं वस्तुमान दोनदा धरलेलं असतं. या पडताळणीचा दुसराही फायदा आहे. डेसीच्या ‘पुराव्या’तला एकेक बिंदू किती सौम्य आहे हे हाताला लागतं. तेरा मोजमापं आहेत, त्यांपैकी एकही एकटं ओरडून काही सांगत नाही. संकेत येतो तो बॅरिऑन ध्वनिलहरी (डेसीची मोजमापं), सीएमबी आणि सुपरनोव्हा यांनी दिलेल्या पदार्थाच्या प्रमाणांच्या रस्सीखेचीतून.

सर्वांत मोठा खड्डा

काळाबरोबर बदलणाऱ्या डार्क एनर्जीसाठी सर्रास वापरलं जाणारं सूत्र म्हणजे शेवालिए, पोलार्स्की आणि लिंडर यांचं. दाब आणि घनतेचं गुणोत्तर आज ‘डब्ल्यू-शून्य’ आहे, आणि भूतकाळात जाताना ते ‘डब्ल्यू-ए’च्या प्रमाणात बदलतं. अगदी आरंभी ते दोघांच्या बेरजेइतकं असतं. स्थिर डार्क एनर्जी म्हणजे उणे १ आणि ०.

कॅम्बमध्ये ही डार्क एनर्जी मोजायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक ‘फ्लुइड’, दुसरा ‘पीपीएफ’, जो उणे १ची रेषा ओलांडू देतो. काही सांगितलं नाही तर कॅम्ब फ्लुइड घेतं. डब्ल्यू-ए मुक्त असताना फ्लुइड उणे १ची रेषा ओलांडू देत नाही, कारण ती ओलांडताना विचलनांची समीकरणं तिथे फुटतात. अशा बिंदूवर कॅम्ब चूक फेकतं. इथवर सगळं योग्यच आहे. पण कोबायात ‘स्टॉप-ॲट-एरर’ हा पर्याय बंद असेल तर ही चूक पडद्यावर येत नाही. त्या बिंदूची संभाव्यता शून्य धरली जाते आणि साखळी पुढे चालू लागते. डीबग मोड लावला तरच नोंद दिसते.

परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहा. डेसी, सीएमबी आणि पँथिऑन प्लस हा सुपरनोव्हांचा संच मिळून डब्ल्यू-शून्य उणे ०.८३८ आणि डब्ल्यू-ए उणे ०.६२ देतात. बेरीज उणे १.४६. सुपरनोव्हांचा डेस संच (हे डेसीहून वेगळं सर्वेक्षण) घेतला तर उणे ०.७५२ आणि उणे ०.८६, बेरीज उणे १.६१. म्हणजे दोन्ही उत्तरांमध्ये डार्क एनर्जी आधी उणे १च्या खाली होती आणि नंतर वर आली. पहिल्यात ती रेषा रेडशिफ्ट ०.३५च्या आसपास ओलांडली जाते, दुसऱ्यात ०.४०च्या. फ्लुइडला परवानगी असलेल्या प्रदेशात यातलं एकही उत्तर बसत नाही. स्थिर डार्क एनर्जीचा बिंदू तर त्या प्रदेशाच्या अगदी कोपऱ्यावर आहे. तोच डेटा, तोच सॅम्पलर, फक्त एक ओळ राहिली, की साखळी त्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसते आणि ‘स्थिर डार्क एनर्जीशी सुसंगत’ असा देखणा आलेख हातात येतो. अभिसरणाची, म्हणजे साखळ्या एकाच उत्तरावर स्थिरावल्याची, चाचणीही उत्तीर्ण होते.

उपाय सोपा आहे. थिअरी भागात कॅम्बच्या जादा पर्यायांत डार्क-एनर्जी-मॉडेलसाठी पीपीएफ लिहा. खिडकीतून फाइल बनवली असेल तर ही ओळ आली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. पहिल्या चाचणीला स्टॉप-ॲट-एरर चालू ठेवा, म्हणजे कुठलीही चूक झाली की धाव थांबेल आणि कारण समोर येईल.

दुसरी खबरदारी आलेखाची. गेटडिस्ट हे जोडीचं साधन नमुन्यांना गुळगुळीत करून वलयं काढतं. प्रायरच्या सरळ सीमा त्याला फाइलमधून कळतात, म्हणून तिथे ते दुरुस्ती करतं. गुपचूप कापलेली किंवा तिरकी सीमा मात्र त्याला ठाऊक नसते. मग कापलेली कडा वलयात नैसर्गिक उतारासारखी दिसते. वलयांआधी कच्चे नमुने ठिपक्यांच्या रूपात पाहावेत. ठिपके एका सरळ रेषेवर येऊन अचानक थांबत असतील तर ती रेषा विश्वाची नाही, तुमच्या फाइलची आहे.

अशा आणखी दोन कडा आहेत. दोन्ही ‘डब्ल्यू’ची बेरीज शून्याच्या वर गेली की कॅम्ब बिंदू नाकारतं. हे भौतिकदृष्ट्या रास्त आहे, कारण तसं झालं तर आरंभीच्या विश्वात डार्क एनर्जीच वरचढ ठरेल. पण ही सीमा फाइलमध्ये प्रायर म्हणून उघड लिहावी, कॅम्बच्या नकारावर सोडू नये. दुसरी कडा हबल स्थिरांकाची. ध्वनिकोन मुक्त ठेवून हबल स्थिरांक काढायचा असेल तर कॅम्ब तो ठरावीक पट्ट्यातच शोधतं, आणि पट्ट्याचं वरचं टोक १०० असतं. केवळ सीएमबीवर ‘डब्ल्यू’ मोकळा सोडला की साखळी उणे १च्या खूप खाली, मोठ्या हबल स्थिरांकाकडे सरकते आणि १००च्या भिंतीला जाऊन टेकते. त्या धावेतून निघालेली ‘डब्ल्यू’ची खालची मर्यादा म्हणजे त्या भिंतीची मर्यादा.

क्लास या बाबतीत अधिक बोलकं आहे. तिथे लॅम्डाचं प्रमाण स्पष्ट शून्य लिहावं लागतं, म्हणजे उरलेली जागा फ्लुइड भरतो. ते विसरलात तर ‘हे पॅरामीटर मी वाचलेच नाहीत’ असं सांगून क्लास सरळ थांबतं. पीपीएफ तिथे डीफॉल्टच आहे. नावंही वेगळी असतात हे लक्षात ठेवा: क्लासमध्ये डब्ल्यू-शून्य-एफएलडी, कॅम्बमध्ये नुसतं डब्ल्यू.

डेटा जोडताना

कोबायात लाइकलीहूड जोडणं म्हणजे एक ओळ लिहिणं. हा सोपेपणाच घात करतो. कोणता डेटा कशात आधीच मिसळलेला आहे हे सॉफ्टवेअर तपासत नाही.

पँथिऑन प्लसमध्ये १,५५० सुपरनोव्हांचे १,७०१ प्रकाशवक्र आहेत. युनियन-३मध्ये २,०८७ सुपरनोव्हा. डेसच्या पाच वर्षांच्या संचात स्वतःच्या १,६३५ आणि जवळच्या १९४. तिन्हींत काही तारे सामाईक आहेत, म्हणून एका वेळी एकच घ्यायचा. पँथिऑन प्लसचं ‘शूज’ (सेफिड ताऱ्यांवरून केलेलं हबल स्थिरांकाचं मोजमाप) जोडलेलं रूप घेतलं तर हबल स्थिरांकाचं वेगळं लाइकलीहूड लावू नका, सेफिड्सची माहिती दोनदा मोजली जाईल. डेसी आणि एसडीएसएस (आधीचं दीर्घिकांचं सर्वेक्षण) यांचं आकाश आणि रेडशिफ्ट बऱ्याच अंशी एकच आहे, तेही सरसकट एकत्र नको. यातली कुठलीही चूक केली तरी धाव बिनतक्रार पूर्ण होते, फक्त अनिश्चितता खोटी लहान येते.

सुपरनोव्हांचा कुठला संच घ्यावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. लॅम्डा-सीडीएममध्ये पदार्थाचं प्रमाण डेसी ०.२९७५ देतं, प्लँक ०.३१५, पँथिऑन प्लस ०.३३४, डेस ०.३५२, युनियन-३ तर ०.३५६. हे आकडे ओळीने मांडले की चित्र उघड होतं: ‘बदलती डार्क एनर्जी’ ही तफावत मिटवायला मदत करते, म्हणूनच डेटाला ती आवडते. जॉर्ज एफ्स्टाथिऊ यांनी दाखवलं की डेस संचातल्या जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांमध्ये पँथिऑन प्लसच्या तुलनेत सुमारे ०.०४ मॅग्निट्यूडचा सरक आहे. एवढाच फरक निष्कर्षाचा तोल बदलू शकतो. त्यामुळे एका संचावरचा निकाल हा निकाल नव्हे. तिन्ही संचांवर स्वतंत्र धावा करा आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

इथे कोबायाची ‘पोस्ट’ सोय मोहात पाडते. जुन्या साखळीतून एक लाइकलीहूड काढून दुसरं लावायचं, नव्याने धाव नको. छोट्या बदलासाठी उत्तम. पण पँथिऑन प्लसवरून डेसवर जाताना मध्यबिंदूच सरकतो. मग थोड्याच नमुन्यांना सगळं वजन मिळतं आणि वलयाच्या कडा दातेरी होतात. वजनांवरून परिणामकारक नमुन्यांची संख्या काढा. ती दोन-तीनशेवर घसरली असेल तर नवी धाव करा.

न्यूट्रिनोंचं वस्तुमान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्टवर स्थिर ठेवायची पद्धत आहे. ते मोकळं सोडलं तर डार्क एनर्जीशी त्याची अदलाबदल होते. डेसी आणि सीएमबीवर लॅम्डा-सीडीएममध्ये वरची मर्यादा ०.०६४ येते, बदलत्या डार्क एनर्जीत ती सैल होऊन ०.१६३वर जाते. दोन्ही धावा करण्याइतका वेळ असेल तर जरूर करा.

साखळ्या चालवताना

चार साखळ्या एमपीआयने सोडा. १६ कोअरचं यंत्र असेल तर ओपन-एमपी धाग्यांची संख्या ४वर बांधा. ती बांधली नाही तर प्रत्येक साखळी सगळे कोअर मागते आणि यंत्र गुदमरतं. ‘कोबाया फारच हळू आहे’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. ‘मेझर-स्पीड्स’ चालू ठेवलं की कोणता भाग किती वेळ खातो ते कोबाया मोजतं, आणि प्लँकच्या उपद्रवी (मोजमापातल्या दोषांसाठी धरलेल्या) पॅरामीटरांसारखी स्वस्त पावलं जास्त वेळा टाकतं. ‘ड्रॅग’ पर्याय याच कामाचा आहे.

साखळ्यांमधल्या तफावतीवरचा थांबण्याचा निकष डीफॉल्टने ०.०१ असतो. सीएमबी, डेसी आणि सुपरनोव्हा तिन्ही असतील तर तो पुरेसा आहे. सुपरनोव्हा नसतील तर दोन डब्ल्यूंची वलयं लांब आणि वाकडी होतात: डेसी आणि सीएमबीवर डब्ल्यू-शून्य उणे ०.४२, अनिश्चितता ०.२१, डब्ल्यू-ए उणे १.७५, अनिश्चितता ०.५८. अशा वेळी टोकांचे नमुने भरायला वेळ लागतो, म्हणून ९५ टक्के मर्यादांचा वेगळा निकषही पाळला गेला आहे ना ते पाहा. साखळीचा सुरुवातीचा ३० टक्के भाग आलेख काढताना टाकून द्या, तो टाकायचं काम कोबाया आपणहून करत नाही.

‘साखळी अडकली’ असा संदेश आला तर प्रयत्नांची संख्या वाढवत बसू नका. बहुधा सुरुवातीचा बिंदू नाकारल्या जाणाऱ्या प्रदेशाच्या काठावर आहे किंवा पावलाचा अंदाज फार मोठा आहे. डब्ल्यू-शून्यसाठी ०.०२ ते ०.०५ आणि डब्ल्यू-एसाठी ०.०५ ते ०.१ ठेवून बघा. वीज गेली किंवा रांगेतला वेळ संपला तर ‘आर’ लावून तिथूनच पुढे चालू करता येतं, ही सोय फार भरवशाची आहे. त्याच्या शेजारचं ‘एफ’ मात्र आधीच्या साखळ्या पुसून टाकतं. दोन्ही की-बोर्डवर एकमेकांना लागून आहेत, म्हणून साखळ्यांचा फोल्डर रोज दुसरीकडे उतरवून ठेवावा.

सिग्मा कुठून येतात

दोन मॉडेलांमधला काय-वर्गाचा फरक साखळीतल्या सर्वोत्तम नमुन्यांवरून काढायचा नाही. वीस-पंचवीस पॅरामीटर असतील तर नमुने खऱ्या तळापर्यंत पोहोचतच नाहीत, ते तळाच्या बऱ्याच वर घोटाळतात. ‘मिनिमाइझ’ सॅम्पलर त्यासाठीच आहे. त्याला साखळीचाच आउटपुट मार्ग द्या, म्हणजे ते सर्वोत्तम नमुन्यापासून उतरायला लागेल. प्रायर वगळायचा पर्याय लावला की शुद्ध लाइकलीहूडचा तळ मिळतो. एका धावेवर विश्वास नको. चार-पाच सुरुवातींनी करा आणि उत्तरं ०.१ ते ०.२च्या आत जुळतात का बघा. प्लँकच्या लाइकलीहूडमध्ये गणिती खरखर असते, त्यामुळे त्याहून काटेकोर जुळणी मिळणं कठीण.

दोन जादा पॅरामीटरांसाठी पुढचा हिशेब हाताने होतो. ‘ई’ या गणिती स्थिरांकाला फरकाच्या निम्म्याइतका ऋण घातांक द्या, तीच योगायोगाची संभाव्यता. पँथिऑन प्लससह फरक १०.७ आहे, संभाव्यता सुमारे ०.००४७, म्हणजे २.८ सिग्मा. डेससह २१.०, संभाव्यता ०.००००२८च्या आसपास, ४.२ सिग्मा. डेसच्या सुधारित कॅलिब्रेशननंतरच्या पुनर्विश्लेषणात हा ४.२चा आकडा ३.२वर आला. म्हणूनच तीन संचांवर तीन धावांचा आग्रह.

बेजियन पुरावा (मॉडेलांची तुलना करणारा आकडा) हवा असेल तर पॉलिकॉर्ड हे सॅम्पलर जोडता येतं. ते चालतं छान, पण उत्तर प्रायरच्या रुंदीवर उभं असतं हे विसरू नये. डब्ल्यू-शून्य उणे ३ ते १ आणि डब्ल्यू-ए उणे ३ ते २ हा प्रचलित पट्टा, क्षेत्रफळ २०. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर क्षेत्रफळ ५ होतं, आणि डेटाचं वलय आत राहिलं तर पुराव्याचा लॉगॅरिदम १.३९ने वाढतो, डेटा काडीचाही न बदलता. आकडा द्यायचा तर त्याच वाक्यात पट्टाही द्यावा.

ठरावीक सूत्रापलीकडे

पर्यायी मॉडेल म्हणजे फक्त दोन आकड्यांचं सूत्र नव्हे. जस्सल, बागला आणि पद्मनाभन यांचं सूत्र घ्या, किंवा अदिश क्षेत्राचं एखादं विभव. कॅम्बला ‘डब्ल्यू’चा तक्ता देता येतो, फक्त तक्ता प्रमाण-गुणक १ला, म्हणजे आजच्या काळाला, संपला पाहिजे. पण यामलमधून तो तक्ता थेट देता येत नाही. कॅम्बच्या वर्गावरून आपला वर्ग काढून पायथनमध्ये वीस-तीस ओळी लिहाव्या लागतात. या कामासाठी एक नमुना फाइल बरोबर मिळाली असती तर बरं झालं असतं.

नुसतं प्रसरण तपासायचं असेल, म्हणजे फक्त डेसी आणि सुपरनोव्हा, तर कॅम्बची गरजच नाही. स्वतःचा थिअरी वर्ग लिहा. त्याने कोनीय व्यास अंतर, हबल दर आणि ध्वनिक्षितिज एवढं पुरवलं की पुरे. अंतर मेगापार्सेकमध्ये द्या, आणि हबल दर दोन्ही एककांत मागितला जाऊ शकतो हे लक्षात ठेवा. ध्वनिक्षितिजासाठी जवळजवळ सगळे तयार सूत्र वापरतात. डार्क एनर्जी उशिराच जागी होत असेल तर ते बरोबर आहे. आरंभीच्या डार्क एनर्जीसाठी मात्र ते सूत्र लागूच नाही, कारण ते मॉडेल ध्वनिक्षितिजच बदलतं. तिथे पूर्ण कॅम्ब किंवा क्लास चालवावं लागतं. शिवाय तिचं प्रमाण शून्याकडे गेलं की बाकीचे पॅरामीटर निरर्थक होतात आणि साखळी त्या ऐसपैस रिकाम्या जागेत जास्त वेळ काढते. वरची मर्यादा त्यामुळे कृत्रिमपणे कडक दिसते, म्हणून प्रमाण एकेका मूल्यावर बांधून प्रत्येक वेळी मिनिमाइझ चालवावं आणि लाइकलीहूडचा आडवा छेद काढून शेजारी ठेवावा.

गुरुत्वाकर्षणच बदलणाऱ्या मॉडेलांसाठी एमजीकॅम्ब, ईएफटीकॅम्ब, हाय-क्लास हे बदललेले कोड जोडता येतात, थिअरी भागात त्यांचा मार्ग द्यायचा. इथे एक जुनी डोकेदुखी आहे: मार्ग द्यायचा राहिला की पिपने आलेलं साधं कॅम्ब उचललं जातं. धाव सुरू होताना कोड कुठून घेतला ते लॉगमध्ये छापलं जातं, ती ओळ वाचायचा कंटाळा करू नका. आणि मॉडेल निवडण्याआधी १७ ऑगस्ट २०१७ आठवा. गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले आणि गुरुत्वलहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारी बरीच मॉडेलं एका दिवसात निकाली निघाली. त्यांच्यावर आठवडाभर संगणक जाळण्यात अर्थ नाही.

याच कामाच्या इतर साधनांपैकी माँटे पायथन क्लासबरोबर काम करणाऱ्यांना सोयीचं आहे, कॉस्मोसिस क्षीण भिंगीकरणाच्या (गुरुत्वाने प्रकाश किंचित वाकण्याच्या) विश्लेषणांत रुळलेलं आहे. लुईस यांचंच जुनं कॉस्मोएमसी आता नव्या कामासाठी घेऊ नये, त्यातलं जे उत्तम होतं ते कोबायात आलं आहे. नवी लाइकलीहूड जितक्या लवकर कोबायात येतात तितकी दुसरीकडे क्वचित, आणि डार्क एनर्जीच्या वादात हीच गोष्ट निर्णायक ठरते.

आमची मुख्य मागणी तेवढी उरते. प्रत्येक साखळीच्या शेवटी प्रगतीच्या फाइलमध्ये एक ओळ यावी: किती बिंदू सिद्धान्ताच्या चुकीमुळे नाकारले गेले, आणि त्यांतले किती कोणत्या कारणाने. आज ते कळायला डीबगचा लॉग चाळावा लागतो, आणि तो लॉग मोठ्या धावेत इतका फुगतो की तो चालू ठेवणं जिवावर येतं.